ग्लुकोज सेन्सर नव्याने लावल्यावर : आकडा, बाण आणि रात्रीचे अलार्म

मध्यरेषा (धागालेखिका)

मला प्रकार १ चा मधुमेह आहे आणि आजवर मी बोट टोचून, ग्लुकोमीटरवरच्या आकड्यानुसार इन्सुलिन घेत आले आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने आता दंडावर अखंड ग्लुकोज मोजणारा सेन्सर लावला आहे. लावताना काहीच त्रास झाला नाही. अप्लिकेटर त्वचेवर टेकवून दाबला, खट्ट असा आवाज आला, सुई आत जाऊन लगेच परत आली आणि मागे राहिला तो एक बारीक लवचीक तंतू आणि त्यावरची छोटी चकती. अडचण सुरू झाली ती आकडे दिसू लागल्यावर.

पूर्वी साखर दिवसातून चार-पाच वेळाच समजत असे. मधल्या वेळेत काय होते याचा अंदाजच असायचा. आता ती सतत डोळ्यांसमोर असते आणि त्यामुळे तीन प्रश्न पडले आहेत. पहिला असा की, जेवणानंतर तासाभराने मीटर १९० दाखवतो तेव्हा सेन्सर १६५ दाखवतो, आणि पुढे साखर उतरू लागली की सेन्सरचा आकडा मीटरपेक्षा जास्त येतो. यांपैकी कोणाचे खरे मानायचे? दुसरा प्रश्न रात्रीचा आहे. अलार्म वाजतो, पाहावे तर साखर ६० च्या खाली. पण घाम नाही, थरथर नाही, आणि बोट टोचले की मीटर १०५ दाखवतो. तिसरा प्रश्न यंत्राचा कमी आणि माझा जास्त आहे. आलेखाची रेष चढू लागली की ती ताबडतोब खाली आणावी असे वाटते, आणि दिवसभर अर्धे लक्ष तिकडेच राहते. ज्यांनी हे दिवस पार केले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

या धाग्यातले आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात धरावेत; मिलिमोल वापरणाऱ्यांनी १८ ने भागावे.

प्रयोगवही

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण दोन्ही यंत्रे एकाच जागची साखर मोजत नाहीत. मीटर बोटातून आलेल्या रक्तातले ग्लुकोज मोजतो. सेन्सरचा तंतू त्वचेखाली, पेशींच्या मधल्या द्रवात असतो. ग्लुकोज आधी रक्तात येते आणि तिथून केशवाहिन्यांच्या भिंती ओलांडून त्या द्रवात पोहोचते. या प्रवासाला आणि सेन्सरच्या स्वतःच्या गणिताला मिळून साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. साखर स्थिर असेल तर या विलंबाने काहीच बिघडत नाही. पण ती मिनिटाला २ ने वाढत असेल तर दहा मिनिटांच्या विलंबात २० चा फरक पडलाच. तुमचे १९० आणि १६५ हे आकडे, आणि साखर उतरताना होणारी उलटापालट, हे दोन्ही याच हिशेबात बसते. चढताना सेन्सर मागे राहतो म्हणून कमी दाखवतो आणि उतरताना मागे राहतो म्हणून जास्त.

आता अचूकतेबद्दल. घरगुती मीटरसाठी आयएसओ १५१९७ या मानकाची २०१३ ची आवृत्ती असे सांगते की, साखर १०० किंवा त्याहून अधिक असेल तर ९५ टक्के मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असाव्यात, आणि १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर २०० असताना चांगल्या मीटरने १७५ दाखवले तरी तो मानकाच्या आतच आहे. ज्या मीटरला आपण पंच नेमतो त्यालाही इतकी मुभा आहे, हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. हल्लीच्या सेन्सरांची सरासरी चूक साधारण ८ ते १० टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा दोन आकड्यांत थोडा फरक दिसला की लगेच सेन्सर सदोष आहे असा निष्कर्ष काढू नये. तुलना करायचीच असेल तर आकड्याशेजारचा बाण आडवा, म्हणजे साखर स्थिर असताना, जेवणापूर्वी, हात धुऊन आणि कोरडे करून करावी. बोटावर फळाचा किंवा गोड पदार्थाचा अंश राहिला तर मीटरच फसतो. काही सेन्सरांत मीटरचा आकडा भरून जुळवणी करण्याची सोय असते. तीही साखर स्थिर असतानाच वापरावी, नाहीतर चढत्या साखरेची चूक पुढच्या सगळ्या आकड्यांत शिरते.

या यंत्रामागचे मूळ तत्त्व जुने आहे. लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा (एन्झाइमचा) इलेक्ट्रोडवर उपयोग करण्याची कल्पना मांडली आणि आजचे बहुतेक सेन्सर त्याच विकरावर चालतात. विकर ग्लुकोजवर क्रिया करते, त्यातून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचे रूपांतर आकड्यात होते. मात्र तंतू आत शिरताना ऊतींना थोडी इजा होते, तिथे सूज येते, आणि ती ओसरेपर्यंत तो प्रवाह डळमळीत राहतो. म्हणून पहिल्या दिवसाच्या आकड्यांना कमी वजन द्यावे. कंपनीने दिलेला सुरुवातीचा वेळ, मग तो अर्ध्या तासाचा असो की दोन तासांचा, यंत्र आकडे दाखवायला तयार झाले एवढेच सांगतो. शरीर स्थिरावल्याची ती खूण मानू नये.

मध्यरेषा

फार आभार. विलंबाचे गणित समजल्यावर त्या उलटापालटीची भीती बरीच कमी झाली. रात्रीच्या अलार्मबद्दल कोणी सांगू शकेल का? तो बहुधा पहाटेच्या आधी वाजतो आणि नेहमी सेन्सर असलेल्या कुशीवर वळलेली असतानाच.

पालवी

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. सेन्सरवर अंगाचा भार पडला की तिथल्या ऊती दबतात, त्या जागेतला रक्तपुरवठा आणि द्रवाची हालचाल मंदावते, आणि सेन्सरला स्थानिक ग्लुकोज कमी मिळते. रक्तातली साखर ठीक असूनही आकडा घसरतो.

माझी मुलगी प्रकार १ ची आहे आणि ती नेहमी डाव्या कुशीवर झोपते. सुरुवातीच्या काळात अलार्म वाजला की मी तिच्या खोलीत जाऊन आधी तिचा हात कुठे आहे ते पाहत असे. दंड अंगाखाली अडकलेला असायचा आणि चकतीच्या कडेचा गोल वळ त्वचेवर उमटलेला असायचा. बोट टोचून साखर ठीक असल्याची खात्री केली की मी तिला अलगद उताणे करत असे आणि पलंगाच्या कडेला बसून आलेख पाहत असे. काही मिनिटांतच रेष जितक्या उभ्या उतारावरून खाली गेलेली असे तितक्याच उभ्या चढाने वर येत असे. खरा हायपो, म्हणजे रक्तातली साखर खरोखरच फार उतरणे, असा वागत नाही. त्याचा उतार बहुतेक वेळा आधीपासून दिसू लागतो आणि साखर दिल्याशिवाय तो सहजासहजी वर येत नाही. दबल्यामुळे पडलेला खड्डा अचानक सुरू होतो आणि कूस बदलली की भरून येतो.

तरीही एक गोष्ट कळकळीने सांगते. केवळ लक्षणे नाहीत म्हणून अलार्म बंद करून झोपू नका. अनेक वर्षांच्या मधुमेहानंतर काहींना साखर उतरल्याची जाणीवच होईनाशी होते. घाम आणि थरथर या सूचना शरीर देतच नाही. अशा व्यक्तीसाठी सेन्सर ही एकमेव सूचना असू शकते. म्हणून रात्रीच्या प्रत्येक कमी आकड्याला बोट टोचून खात्री करावी, आणि आलेखाचा आकार मनाशी तपासावा तो त्यानंतर. पुढच्या वेळी सेन्सर लावताना झोपायची कूस लक्षात घेऊन बाजू निवडली किंवा दंडाच्या मागच्या भागात जागा थोडी सरकवली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

अलार्मच्या मर्यादा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. कमी साखरेचा अलार्म अजिबात बंद करू नये. जास्त साखरेचा अलार्म मात्र सुरुवातीला बराच वर, म्हणजे २५० च्या आसपास ठेवला तरी चालतो. तो पहिल्याच दिवशी १८० वर ठेवला तर प्रत्येक जेवणानंतर वाजतो, घरातले सगळे वैतागतात, आणि हळूहळू कान त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतात. हे दुर्लक्ष पुढे धोक्याचे ठरते, कारण गरजेचा अलार्मही मग त्यातच हरवतो. मोबाइलची व्यवस्था एकदा नीट पाहून घ्यावी. ब्लूटूथ चालू असावे, बॅटरी वाचवण्याची सोय सेन्सरच्या ॲपला लागू नसावी, रात्रीच्या शांत स्थितीतून त्या ॲपला सूट दिलेली असावी, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावू नये. मोबाइलची प्रणाली नव्याने अद्ययावत झाली की या सगळ्या सोयी पुन्हा तपासाव्यात. त्या नकळत बदललेल्या असतात.

आणखी एक गोष्ट, ती विचारलेली नसली तरी. घरच्यांच्या मोबाइलवर आकडे दिसण्याची सोय असेल तर कोणी, केव्हा आणि काय विचारायचे हे आधी ठरवा. मुलगी शाळेतून आल्यावर तिला पहिला प्रश्न साखरेचा विचारायचा नाही, असे आम्ही ठरवले आणि पाळले. मोठ्या माणसांनाही तो हक्क आहे.

सोबत

मी मधुमेह शिक्षिका म्हणून काम करते. इन्सुलिनची मात्रा प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. इथे लिहिते आहे ते आकडा वाचण्याबद्दल.

तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सेन्सर आल्यावर माणसे आधी आकड्याला उत्तर द्यायला शिकतात. कोणत्या आकड्याला उत्तर द्यायचे नाही, हे शिकायला अधिक वेळ लागतो. जेवणाआधी घेतलेले जलद इन्सुलिन साधारण पंधरा मिनिटांनी काम करू लागते, त्याचा जोर एक ते दोन तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो आणि परिणाम तीन ते पाच तास टिकतो. जेवणानंतर तासाभराने रेष २२० वर दिसते तेव्हा घेतलेल्या इन्सुलिनचे बरेचसे काम अजून व्हायचे असते. त्या क्षणी घाबरून आणखी इन्सुलिन घेतले, अर्ध्या तासाने रेष उतरली नाही म्हणून पुन्हा घेतले, तर या सगळ्या मात्रा एकमेकींवर चढतात आणि दोन-तीन तासांनी साखर एकदम कोसळते. बोट टोचण्याच्या दिवसांत तो मधला २२० दिसतच नव्हता, म्हणून त्याच्यावर उपायही होत नव्हता. साखर तेव्हाही चढत होती. नवे आहे ते तिचे दिसणे. दुरुस्तीची मात्रा, म्हणजे चढलेली साखर उतरवण्यासाठीचे जादा इन्सुलिन, किती तासांच्या अंतराने घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि ते अंतर पाळावे.

आकड्याइतकाच बाण वाचावा. बाणांचे अर्थ कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे आपल्या यंत्राची पुस्तिका एकदा शांतपणे वाचणे आवश्यक आहे. फ्रीस्टाइल लिब्रेमध्ये तिरका बाण म्हणजे मिनिटाला १ ते २ आणि सरळ उभा बाण म्हणजे २ पेक्षा अधिक बदल. डेक्सकॉममध्ये दोन उभे बाण असतात आणि त्यांचा अर्थ मिनिटाला ३ पेक्षा अधिक असा होतो. आडव्या बाणासह ९० हा झोपण्यापूर्वीचा बरा आकडा असू शकतो. मिनिटाला २ च्या वेगाने खाली जाणारा ९० मात्र तोच वेग राहिला तर पंधरा मिनिटांत ६० वर येतो, आणि विलंब धरला तर रक्तात तो आत्ताच ९० च्या खाली असण्याची शक्यता असते. गाडी चालवायला बसण्यापूर्वी किंवा व्यायाम सुरू करण्यापूर्वी हा फरक जिवाच्या मोलाचा आहे.

साखर ७० च्या खाली गेल्यावर १५ ग्रॅम जलद शोषले जाणारे ग्लुकोज घ्यावे आणि १५ मिनिटे थांबावे, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. सेन्सर वापरणाऱ्यांनी त्यात एक भर घालावी. पंधरा मिनिटांनंतर रक्तातली साखर वर येऊ लागलेली असली तरी सेन्सर अजून खालचाच आकडा दाखवत असू शकतो. त्याच्याकडे पाहून खात राहिले तर तासाभराने साखर २५० वर जाते. म्हणून हायपोनंतरची तपासणी मीटरने करावी. लक्षणे आणि सेन्सर यांचा मेळ बसत नसेल तेव्हाही मीटरलाच विचारावे.

सतत पाहण्याच्या सवयीबद्दल माझा सल्ला असा की, पाहण्याच्या वेळा ठरवून घ्याव्यात: उठल्यावर, प्रत्येक जेवणाआधी आणि दोन तासांनी, गाडी किंवा व्यायामापूर्वी, झोपताना. मधल्या वेळेची राखण अलार्मवर सोपवावी. मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर आकडा दिसत असेल तर तो तिथून काढून टाकावा. हे यंत्र फायद्याचे आहे यात मला शंका नाही. साखर आधीच बऱ्यापैकी ताब्यात असलेल्या प्रकार १ च्या प्रौढांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इम्पॅक्ट’ या चाचणीत, सेन्सर वापरणाऱ्यांचा कमी साखरेत जाणारा वेळ ३८ टक्क्यांनी घटला होता. पण तो फायदा रेषेवर डोळे खिळवून बसण्याने मिळत नाही.

निवांत

मी प्रकार २ चा आहे आणि माझा मधुमेह गोळ्यांवर आहे. माझ्यासारख्यांनी सेन्सर कशासाठी लावावा असा प्रश्न विचारला जातो, म्हणून लिहितो. मला तो कायम लावायची गरज नाही. डॉक्टरांनी अधूनमधून, औषध बदलल्यावर लावायला सांगितला आहे. त्यातून मला दोन गोष्टी समजल्या. काहीही न खाता पहाटे साखर वर जाते, कारण त्या वेळी शरीरातली काही संप्रेरके वाढतात आणि यकृत रक्तात ग्लुकोज सोडते. त्यासाठी रात्रीच्या जेवणाला दोष देण्यात अर्थ नव्हता. आणि जेवणानंतर थोडे चालले की चढाचे टोक बसके होते, हे ऐकून होतो ते प्रत्यक्ष दिसले. गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या औषधाचा गट विचारून घ्यावा. केवळ मेटफॉर्मिनने सहसा हायपो होत नाही. सल्फोनिलयुरिया गटातल्या औषधांनी होऊ शकतो, आणि ती घेणाऱ्यांनी कमी साखरेचा अलार्म चालू ठेवलाच पाहिजे.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. प्रत्येक जेवणानंतर रेष वर गेलेली पाहून काही जण एकेक पदार्थ सोडत जातात आणि शेवटी अर्धपोटी राहतात. मधुमेह नसलेल्या निरोगी लोकांना सेन्सर लावून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची साखर सुमारे ९६ टक्के वेळ ७० ते १४० मध्ये होती. म्हणजे त्यांच्याही साखरेला अधूनमधून १४० च्या वर जाणे होतेच. रेष पूर्ण सपाट करणे हे उद्दिष्टच नाही.

ओलीमाती

त्वचेबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. सेन्सर लावण्यापूर्वी जागा साबणाने धुऊन, अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावी. त्या दिवशी तिथे तेल किंवा मलम लावू नये. इन्सुलिनच्या टोचणीपासून जागा दूर असावी, आणि जुना व्रण, तीळ किंवा कडक झालेली गाठ टाळावी. प्रत्येक वेळी जागा बदलणे हे मी सर्वांत मोलाचे मानते, कारण त्वचेला सावरायला वेळ मिळतो.

मला चकतीच्या नेमक्या आकाराचा लाल, खाजरा, पाणी सुटणारा चट्टा येत असे. आधी तो घामाने आला असेल असे वाटत होते. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच चाचणी केली तेव्हा ती सेन्सरमधल्या आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या घटकाची ॲलर्जी निघाली. सेन्सरमुळे होणाऱ्या अशा त्वचादाहामागे हा घटक असल्याचे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडले गेले, आणि त्यानंतर काही उत्पादनांच्या घडणीत बदलही झाले. त्यामुळे असा चट्टा पुन्हा पुन्हा येत असेल तर सोसत राहू नका. चाचणी करून घ्या आणि दुसऱ्या घडणीचा सेन्सर मिळतो का ते डॉक्टरांना विचारा. सौम्य लालीसाठी त्वचेवर संरक्षक फवारा मारून तो वाळल्यावर सेन्सर लावण्याचा उपयोग होतो. काढताना चिकटपट्टी फराफरा ओढू नये. कडेने तेल लावून, त्वचा दुसऱ्या हाताने दाबून धरत हळूहळू सोडवावी. तंतूच्या जागी पू, ऊब, वाढती सूज किंवा ताप असेल तर तो ॲलर्जीचा विषय राहत नाही. सेन्सर काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मध्यरेषा

सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले आहे की प्रत्येकाचे वेगळे आभार मानायला हवेत. सोबत, पाहण्याच्या वेळा ठरवल्या आणि पहिल्या पडद्यावरून आकडा काढला; दोन दिवस हात आपोआप मोबाइलकडे जात होता, आता तो ओढा सैल झाला आहे. पालवी, सेन्सर उजव्या दंडावर घेतल्यापासून रात्रीचे खोटे अलार्म थांबले आहेत.

आता ॲपमध्ये अहवाल दिसू लागला आहे. त्यात कक्षेतला वेळ ६१ टक्के, कमी साखरेचा वेळ ५ टक्के आणि अंदाजे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा निर्देशांक) असे लिहून येते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी हे मला थोडे समजून घ्यायचे आहे.

सोबत

कक्षेतला वेळ म्हणजे दिवसाचा किती भाग साखर ७० ते १८० मध्ये होती ते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढांसाठी तो ७० टक्क्यांहून अधिक असावा, ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खालचा वेळ १ टक्क्याहून कमी असावा. २५० च्या वरचा वेळ ५ टक्क्यांच्या आत राहावा. दिवसाच्या भाषेत सांगायचे तर ४ टक्के म्हणजे जवळपास एक तास. वृद्धांसाठी आणि हायपोचा धोका अधिक असलेल्यांसाठी कक्षेतला वेळ ५० टक्क्यांहून अधिक असला तरी पुरे मानतात, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याहून कमी हवा. प्रकार १ च्या गर्भवतींची कक्षा ६३ ते १४० अशी अधिक कडक आहे.

तुमच्या अहवालात ६१ आधी वाचू नका, ५ आधी वाचा. कमी साखर कोणत्या वेळी होते हे पाहून ती प्रथम थांबवायची आणि मगच वरची साखर खाली आणायची, असाच क्रम ठेवावा. हायपो थांबला की त्यानंतर घाबरून खाल्ल्यामुळे होणारा चढही कमी होतो आणि ६१ चा आकडा पुष्कळदा आपोआप वाढतो. मात्र तुमच्या त्या ५ टक्क्यांत दबलेल्या सेन्सरच्या रात्रीही मोजल्या गेल्या आहेत. त्या तारखा डॉक्टरांना जरूर दाखवा, नाहीतर नसलेल्या हायपोसाठी रात्रीचे इन्सुलिन कमी केले जाईल.

अंदाजे एचबीए१सी हा सरासरी साखरेवरून सूत्राने काढलेला आकडा आहे. सरासरी १५४ असेल तर तो ७.० च्या जवळ येतो. प्रयोगशाळेतला एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या लाल पेशींवरून काढतात, त्यामुळे रक्तक्षय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर दोघांत फरक पडू शकतो. अहवाल किमान १४ दिवसांचा असावा आणि त्यातला निदान ७० टक्के वेळ सेन्सर चालू असावा. त्याहून कमी नोंदींवरून औषध बदलण्याची घाई नको.

ज्यांची साखर वर्षानुवर्षे फार जास्त राहिली आहे त्यांनी सेन्सर आल्याच्या उत्साहात ती झपाट्याने खाली आणू नये. साखर फार वेगाने उतरली तर डोळ्यांच्या पडद्याचा आधीपासून असलेला विकार काही काळ वाढू शकतो. अशांनी डोळे तपासून घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने जावे.

प्रयोगवही

औषधांची एक नोंद राहून गेली. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांनी काही सेन्सर खोटी जास्त साखर दाखवतात. लिब्रे २ च्या पुस्तिकेत दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये अशी सूचना आहे. पॅरासिटामॉलने डेक्सकॉमच्या जुन्या पिढ्यांचे आकडे वाढत असत. जी६ या पिढीपासून दर सहा तासांना १ ग्रॅमपर्यंतच्या मात्रेला मुभा आहे. हायड्रॉक्सियुरिया (रक्ताच्या काही आजारांवरचे औषध) घेणाऱ्यांनी तर सेन्सर सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. खोट्या जास्त आकड्याचा धोका असा की त्यावर विसंबून इन्सुलिन घेतले जाते. म्हणून ताप किंवा सर्दीसाठी कोणतेही औषध सुरू करताना पुस्तिकेतली यादी पाहावी. एमआरआय, सीटी किंवा एक्स-रे काढण्यापूर्वी तिथल्या तंत्रज्ञांना सेन्सर असल्याचे सांगावे.

मध्यरेषा

एक शेवटची शंका. सेन्सर मुदतीआधीच निघाला किंवा ॲपने तो बदलायला सांगितले तर काय करावे? आणि नवा लावल्यानंतरचे पहिले तास कसे काढावेत?

पालवी

प्रत्येक सेन्सर लावतानाच त्याच्या खोक्यावरच्या क्रमांकाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मुदतीआधी बिघडला तर तो टाकून न देता कंपनीच्या मदत विभागाला क्रमांक, लावल्याची तारीख आणि ॲपवरचा संदेश कळवा. बहुतेक कंपन्या अशा वेळी बदलून देतात.

सेन्सर बदलण्यासाठी आम्ही सकाळची वेळ निवडतो, कारण पहिल्या रात्रीपर्यंत आकडे बऱ्यापैकी स्थिरावतात आणि काही बिघडलेच तर दिवसाउजेडी कळते. त्या दिवशी जेवणाआधी आणि झोपताना बोट टोचतोच. मुदतीतल्या पट्ट्या असलेला मीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या मुलीच्या दप्तरात नेहमी असतात, सेन्सर कितीही नीट चालू असला तरी.